उन्हाच्या गावी मुक्काम

पेडर सेव्हरिन क्रॉयर या डॅनिश चित्रकाराने १८८४ साली डेन्मार्कच्या उत्तर टोकावरल्या स्कागेन या गावी एक मोठे तैलचित्र केले. ‘स्कागेनच्या दक्षिण किनाऱ्यावरचा उन्हाळी दिवस’ हे त्याचे नाव. चित्रात घटना म्हणावी अशी कोणतीच नाही. कोळ्यांची मुले पाण्याच्या काठाशी खेळत आहेत, काही उघडीच उथळ पाण्यात उतरली आहेत, काही वाळूवर रेंगाळली आहेत. किनारा लांबवर गेला आहे आणि सगळ्यांवर सारखे, निर्मळ ऊन पडले आहे. एवढेच. तरीही त्या चित्राच्या छापील प्रतीसमोरसुद्धा डोळे किंचित बारीक करावेसे वाटतात, इतके ते ऊन खरे आहे.

पुढची पाने या चित्रकाराविषयी आणि त्याच्या उन्हाविषयी आहेत. ती वऱ्हाडातल्या वाचकांसाठी, त्यातही दरवर्षी चिखलदऱ्याला लँडस्केपसाठी येणाऱ्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिली गेली आहेत. अमरावती-अकोल्याहून कोणत्याही दिशेने निघालो तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूरच आहे. मग समुद्रकाठच्या चित्रकाराची ओळख आपण सातपुड्याच्या माथ्यावर बसून का करून घ्यायची, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे हेच या प्रस्तावनेचे काम आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, क्रॉयरचे ऊन ही एकट्या माणसाच्या डोळ्याची करामत नव्हती. ते मुक्कामाने आले. एका गावी पुन्हा पुन्हा जाणे, तिथे राहणे, तिथल्या माणसांत उठणे-बसणे, रात्री एकमेकांची चित्रे पाहून भांडणे, आणि ही चित्रे विकत घेणारा कुणी पाठीशी असणे, या सगळ्यांतून ते ऊन कापडावर उतरले. चिखलदऱ्याला उन्हाची आणि धुक्याची कमी कधीच नव्हती. कमी पडला तो मुक्काम.

क्रॉयरचे आयुष्य सांगायला बसले तर कादंबरी होईल. त्याचा जन्म २३ जुलै १८५१ चा, नॉर्वेतल्या स्टाव्हांगरचा. आईचे मन ठिकाणावर नव्हते, म्हणून तान्ह्या मुलाला तिच्या बहिणीने, म्हणजे मावशीने, कोपनहेगनला आपल्या घरी नेले आणि वाढवले. मावशीचे यजमान हेन्रिक क्रॉयर हे प्राणिशास्त्रज्ञ होते. मासे आणि माशांच्या अंगावर जगणारे बारीक कवचधारी जीव हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. या घरातल्या मुलाने लहान वयातच काकांच्या शास्त्रीय लिखाणासाठी त्या जीवांची चित्रे काढून दिली. सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या प्राण्याचा पाय आहे तिथेच आणि आहे तेवढाच काढायचा, सुंदर दिसावा म्हणून वाकवायचा नाही, ही शिस्त त्याला रंगांच्या आधी मिळाली. पुढे त्याने ज्या सहजतेने ऊन रंगवले त्या सहजतेच्या तळाशी हे काटेकोर बालपण आहे असे मला वाटते. आपल्याकडे निसर्गचित्र म्हटले की हात मोकळा सोडण्याची घाई होते. हात आधी बांधला गेलेला असावा लागतो, तेव्हा तो मोकळा सोडण्याला काही अर्थ येतो.

कोपनहेगनच्या कला अकादमीतले शिक्षण त्याने १८७० मध्ये, एकोणिसाव्या वर्षी संपवले. १८७४ मध्ये हाइन्रिक हिर्शस्प्रुंग या तंबाखूच्या कारखानदाराने त्याचे चित्र विकत घेतले आणि १८७७ ते १८८१ या वर्षांतल्या त्याच्या युरोपप्रवासाला मुख्यतः त्याच कारखानदाराचा पैसा लागला. पॅरिसमध्ये तो लेओं बोना यांच्या हाताखाली शिकला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये राहिला, स्पेनला गेला, मग इटलीला. इटलीत त्याने एका खेड्यातल्या टोप्या करणाऱ्या कारागिरांचे चित्र केले. अंधाऱ्या कामाच्या खोलीत उघड्या अंगाने, घामाने निथळत काम करणारा बाप आणि त्याची मुले. हे चित्र डेन्मार्कमध्ये अनेकांना रुचले नाही. कष्ट इतके उघडे दाखवायचे नसतात अशी त्या काळच्या रसिकांची समजूत होती. सोनेरी उन्हाचा चित्रकार म्हणून ज्याला जग ओळखते त्याने आधी अंधार आणि घाम रंगवला, ही गोष्ट विसरू नये.

१८८२ च्या उन्हाळ्यात तो प्रथम स्कागेनला आला.

स्कागेन हे तेव्हा सुखाचे ठिकाण नव्हते. दोन समुद्र जिथे एकमेकांना भिडतात त्या वाळूच्या जिभेवरचे हे गाव. वाळू इतकी सरकणारी की गावचे जुने चर्च तिच्याखाली गाडले गेले आणि १७९५ मध्ये ते सोडून द्यावे लागले. बंदर नाही, रेल्वे नाही (रेल्वे १८९० मध्ये आली, बंदर त्याहून उशिरा, १९०७ मध्ये), झाडे थोडी, वादळे पुष्कळ आणि किनाऱ्यावर फुटलेली गलबते. तिथे ब्रॉन्डुम नावाच्या कुटुंबाचे किराणा दुकान आणि जोडीला खानावळ-विश्रामगृह होते. मिखाएल आंकर हा चित्रकार १८७० च्या दशकात तिथे आला आणि राहिलाच. घरमालकाची मुलगी आना हिच्याशी त्याचे लग्न झाले. त्यांच्यामागून डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनचे चित्रकार आणि लेखक दर उन्हाळ्यात येऊ लागले. ब्रॉन्डुमच्या जेवणाच्या खोलीत त्यांची चित्रे लागली, एकमेकांची व्यक्तिचित्रे लागली, कधी कधी बिलाच्या बदल्यातही चित्र दिले गेले. १९०८ मध्ये याच खोलीत बसून आंकर, क्रॉयर, लाउरिट्स तुक्सेन हे चित्रकार, विश्रामगृहाचा मालक डेन ब्रॉन्डुम आणि गावचा औषधविक्रेता क्लेबेल यांनी स्कागेनच्या संग्रहालयाची स्थापना केली. संग्रहालय काढणाऱ्यांत खानावळवाला आणि औषधविक्रेता आहेत, याकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. ती जेवणाची खोली, भिंतीतल्या चित्रांसकट, १९४६ मध्ये उचलून संग्रहालयाच्या इमारतीत नेऊन बसवली.

क्रॉयर तिथे जवळजवळ दर उन्हाळ्यात आला. १८८९ मध्ये त्याने मारी त्रिप्केशी लग्न केले. तीही चित्रकार होती आणि लग्नानंतर तिची स्वतःची चित्रे कमी होत गेली, याची खंत तिच्याविषयी लिहिणाऱ्या सगळ्यांना वाटत आली आहे, मलाही वाटते. १८९३ च्या ‘स्कागेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील उन्हाळी संध्याकाळ’ या चित्रात आना आंकर आणि मारी या दोघी पांढऱ्या पोशाखात पाण्याच्या कडेने पाठमोऱ्या चालत जाताना दिसतात. समुद्र, आकाश आणि वाळू एकाच निळ्या रंगाच्या छटांत विरघळली आहेत. जगभर छापले जाते ते हे चित्र. परदेशी हातांतून फिरून १९८६ मध्ये ते स्कागेनच्या संग्रहालयाला मिळाले. १८९९ मध्ये त्याने स्वतःला आणि मारीला चांदण्यातल्या त्याच किनाऱ्यावर रंगवले. त्यानंतरची दहा वर्षे वाईट गेली. मानसिक आजार बळावला, इस्पितळाच्या फेऱ्या सुरू झाल्या, दृष्टी मंदावत गेली. मारीचे मन स्वीडिश संगीतकार ह्यूगो आल्फवेन यांच्याकडे ओढले गेले आणि १९०५ मध्ये घटस्फोट झाला. या पडझडीतही १९०६ मध्ये त्याने किनाऱ्यावर पेटलेल्या सेंट जॉनच्या होळीचे मोठे चित्र पुरे केले. त्यात सारे गाव जमले आहे, आणि मारी व आल्फवेनही त्या गर्दीत आहेत. ज्याने आपले घर मोडले त्यालाही गावाच्या चित्रात त्याची जागा देणे, हे मला या माणसाच्या सगळ्या कौशल्याहून मोठे वाटते. २१ नोव्हेंबर १९०९ रोजी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, स्कागेनलाच तो गेला.

आता माझे एक मत, जे सर्वांना पटणार नाही. शिकणाऱ्याने १८९३ च्या निळ्या संध्याकाळीपेक्षा १८८४ च्या दुपारीपुढे जास्त वेळ बसावे. संध्याकाळ चित्रकाराला मदत करते. ती कडा मऊ करते, नको ते झाकते, दहा रंगांचे तीन रंग करून हातात देते. भर उन्हात असे काही झाकले जात नाही. उन्हात सावलीलाही रंग असतो, उघड्या पाठीवर वाळूचे प्रतिबिंबित ऊन खालून चढते, पाणी आरपारही दिसते आणि आभाळही दाखवते. हे सारे एकाच वेळी सांभाळून चित्र शांत ठेवणे फार अवघड. क्रॉयरने घराबाहेर, जागेवर बसून लहान लहान तेलरंगातली टिपणे केली, मोठी कापडेही उघड्यावर नेली, पुढे कॅमेरा घेतल्यावर छायाचित्रांचाही आधार घेतला. अशा टिपणांचा ढीग मागे असतो तेव्हा कुठे एक दुपार उभी राहते.

त्याचे ऊन मात्र आपले ऊन नव्हे, हे पुस्तक वाचताना सतत ध्यानात ठेवावे लागेल. स्कागेन विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळजवळ ५८ अंशांवर आहे, चिखलदरा सुमारे २१.४ अंशांवर. जूनमध्ये, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशीही, स्कागेनला दुपारचा सूर्य ५६ अंशांच्या वर चढत नाही. भर दुपारी उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीच्या दोन तृतीयांश तरी पडतेच. म्हणजे तिथल्या चित्रकाराला दिवसभर बाजूचे ऊन मिळते, आकार आपसूक घडवणारे. आपल्याकडे मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. जुलैत ढगांमुळे ती कळत नाही, पण मेमध्ये कळते. कपाळ, नाक, खांदे पांढरे होतात आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. रात्रीचेही तसेच. जूनच्या त्या सगळ्यात मोठ्या दिवसांत स्कागेनला मध्यरात्रीदेखील सूर्य क्षितिजाखाली नऊ अंशांहून खोल जात नाही, त्यामुळे ती प्रसिद्ध निळी वेळ तासन्‌तास रेंगाळते आणि चित्रकाराला रंग कालवायला सवड मिळते. चिखलदऱ्याला सूर्य मावळला की जेमतेम पंचवीस मिनिटे. तेवढ्यात जे टिपले ते टिपले. म्हणून क्रॉयरची निळाई उचलून सातपुड्यावर ओतू नये. त्याची निळाई त्याच्या अक्षांशाची आहे. उचलायची ती त्याची चिकाटी.

जलरंगात काम करणाऱ्यांना तर हवेचाही हिशेब ठेवावा लागतो, आणि महाराष्ट्राची मोठी मिरास जलरंगाचीच आहे. त्या परंपरेविषयी इथे थोडे लिहिले पाहिजे, कारण उन्हाची चित्रे डेन्मार्कमध्येच झाली असा समज वाचकाने करून घेऊ नये.

क्रॉयर स्कागेनला रमला त्याच वर्षांत कोल्हापूरचा एक तरुण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत होता. अबालाल रहिमान. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. मुंबईत राहून नाव कमावण्याची वाट समोर उघडी असताना ते कोल्हापूरला परतले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. मग उरलेले आयुष्य, १९३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांनी कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट आणि भोवतालची माळराने यांच्यात घालवले. फकिरी वृत्तीने राहिले आणि त्याच पाण्यावरचे, त्याच झाडांतले ऊन वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. त्यांच्या कामाचा फार मोठा भाग काळाच्या ओघात नाहीसा झाला. क्रॉयरच्या पाठीशी हिर्शस्प्रुंग होता, अबालालांच्या पाठीशी शाहू महाराज होते. पण हिर्शस्प्रुंगचा संग्रह १९११ मध्ये कोपनहेगनला स्वतंत्र संग्रहालय होऊन उभा राहिला आणि ‘उन्हाळी दिवस’ आज तिथे पाहायला मिळतो. अबालालांची रंकाळ्याची सगळी उन्हे एका छपराखाली पाहण्याची सोय आपण केली नाही. हे दुःख सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

दुसरे नाव सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे. सावंतवाडीत १८८२ मध्ये जन्म, जे. जे. त शिक्षण, १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था, १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत पुढाकार. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले हातात समई घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातले चित्र लोक अजूनही राजा रविवर्म्याचे समजतात. ते हळदणकरांचे आहे, १९४५-४६ च्या सुमाराचे, आणि त्यासाठी त्यांची कन्या उभी राहिली होती. त्या चित्रात दिव्याचा उजेड बोटांतून आरपार आला आहे. तो पांढऱ्या रंगाने काढलेला नाही. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे न रंगवलेला कागद. कुठे रंग लावायचा नाही हे आधी ठरवावे लागते आणि शेवटपर्यंत ते शाबूत राखावे लागते. तेलरंगात क्रॉयर वाळूवरचे सगळ्यात प्रखर ऊन सगळ्यात शेवटी, जाड रंगाने ठेवू शकत होता. जलरंगातल्या माणसाला ते पहिल्या मिनिटालाच राखून ठेवावे लागते. ही दोन माध्यमे उन्हाकडे दोन विरुद्ध टोकांनी जातात.

आणि तिसरे नाव आपल्याच जुन्या प्रांताचे. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. वडील जंगलखात्यात. तेव्हा मंडला, नागपूर आणि वऱ्हाड हा सारा एकच ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ होता. रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईला जे. जे. त गेले. तिथे वॉल्टर लँगहॅमर या ऑस्ट्रियन चित्रकाराकडून त्यांच्यासारख्या तरुणांना उघड्या, तेजस्वी रंगांचे धाडस मिळाले. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले आणि दक्षिण फ्रान्समधल्या गोर्बियो या डोंगरातल्या खेड्यात त्यांनी वर्षानुवर्षे उन्हाळे काढले. मध्य भारतातल्या रानातून निघालेल्या चित्रकाराला मुक्कामाचे गाव मिळाले ते फ्रान्समध्ये. २०१६ मध्ये त्यांचे दफन मात्र मंडल्याला झाले.

आता चिखलदऱ्याकडे येतो.

समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवरचे हे पठार. कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या अधिकाऱ्याने १८२३ मध्ये ते गोऱ्या साहेबांच्या नजरेस आणले असे गॅझेटियरपासून सगळीकडे लिहिले जाते. कोरकू आणि गवळी लोक इथे आधीपासून होतेच, आणि शेजारी गाविलगड तर पंधराव्या शतकापासून उभा होता. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला भोसल्यांकडून घेतला. साहेब चिखलदऱ्यावर आले ते वऱ्हाडच्या उन्हापासून पळून. बंगले बांधले, कॉफी लावली, उन्हाळा काढला आणि पाऊस लागला की उतरले. कंपनीच्या अधिकाऱ्यांना चित्रकलेचे थोडेफार शिक्षण असे, त्यांनी दऱ्या आणि किल्ले काढलेही. पण उन्हापासून लपायला आलेला माणूस उन्हाचा चित्रकार होत नाही. पुढे पर्यटक आले ते पावसाळ्यात, धुके आणि धबधबे पाहायला, शनिवारी येऊन रविवारी परतणारे. कलाशाळांच्या सहलीही बहुधा दोन दिवसांच्या. भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट, गाविलगडचा दरवाजा, शक्कर तलाव. प्रत्येक ठिकाणी एक कागद, आणि संध्याकाळी गाडी परतवाड्याच्या दिशेने.

दोन दिवसांत चिखलदऱ्याचे फक्त धुकेच हाती लागते आणि धुके हे सगळीकडे सारखेच असते. या डोंगराचे स्वतःचे रंग बाराही महिन्यांत विखुरलेले आहेत. फाल्गुनात सागाची पाने झडलेली असतात, रान करड्या काड्यांचे झालेले असते आणि त्यात पळस पेटतो. त्याच सुमारास कुसुमाला कोवळी पालवी येते ती हिरवी नव्हे, लाल. लांबून पाहणाऱ्याला ती फुलेच वाटतात. चैत्रात मोहाखालची जमीन पहाटे फिकट पिवळी असते, कारण फुले रात्रीतून गळून पडलेली असतात, आणि ती वेचायला आलेल्या बाया-पोरी त्या पहिल्या तिरप्या उन्हात वाकलेल्या दिसतात. वैशाखात काळा बेसाल्ट तापून जवळजवळ निळसर दिसू लागतो. पावसाळ्यात सागाला दुधी रंगाचे तुरे येतात आणि धुक्याच्या पांढऱ्यात ते ओळखू येणे हीच डोळ्याची परीक्षा. कार्तिकात गवत सोनेरी होते, हवा धुतलेली असते आणि मोथा गावाच्या बाजूने पठार पाहावे तर स्कागेनच्या तोडीचे तिरपे, घडवणारे ऊन आपल्याला त्याच दिवसांत मिळते. क्रॉयरकडून शिकलेले इथे लावून पाहायचे असेल तर कार्तिक ते माघ हे महिने सोडू नयेत.

हवेचा हिशेब म्हणालो तो असा. मेमध्ये खाली परतवाड्याला जलरंगाचा वॉश कागदाच्या दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत पहिली कड वाळलेली असते. वर चिखलदऱ्याला थोडा अवधी मिळतो. ऑगस्टमध्ये उलट होते. कागद दिवसभर ओला राहतो, एका रंगावर दुसरा चढत नाही, आणि घाई करणाऱ्याच्या हाती चिखल लागतो. हे शिकायला पुस्तक उपयोगी नाही, दोन्ही ऋतूंत तिथे बसावे लागते.

मात्र नुसते झाड, दगड आणि पाणी रंगवून भागणार नाही. स्कागेनच्या चित्रकारांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. त्यांनी कोळ्यांचे कष्ट सुरुवातीला पाहिले, पण जसजसे दिवस सुखाचे होत गेले तसतसे किनाऱ्यावर त्यांचीच मित्रमंडळी, पांढरे पोशाख आणि भरलेले पेले येत गेले. क्रॉयरच्या ‘हिप हिप हुर्रा’ मधली मेजवानी सुरेख आहे, पण त्या बागेत कोळी नाहीत. चिखलदरा ज्यात येतो त्या मेळघाटात तर हे आणखी गंभीर होते. ज्या टेकड्यांवर बालमृत्यूंच्या आणि कुपोषणाच्या बातम्या पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत, जिथे व्याघ्रप्रकल्पाने १९७३-७४ पासून माणसांच्या आणि रानाच्या नात्याची नवी मांडणी केली, तिथला डोंगर माणसांवाचून रंगवणे म्हणजे अर्धेच पाहणे. चित्रकाराने फलक लिहावेत असे मी म्हणत नाही. १८८४ च्या चित्रातली मुले कोळ्यांचीच आहेत आणि त्या उन्हात ती पाहुणी नाहीत, मालक आहेत. एवढे जरी मेळघाटच्या चित्रात आले तरी पुष्कळ.

शिवाय या डोंगरात चित्र कुणी बाहेरून आणून द्यायला हवे अशी स्थिती नाही. कोरकू लोक मृतांच्या स्मरणार्थ सागाच्या फळ्या कोरून उभ्या करतात. त्यावर घोडेस्वार असतो आणि वर सूर्य व चंद्र. लाकडात कोरलेला तो सूर्य कोणत्याही अकादमीहून जुन्या हाताचा आहे. चिखलदऱ्याला येणाऱ्या विद्यार्थ्याला गाविलगडच्या दरवाजावरचे शिल्प दाखवले जाते, या फळ्या दाखवल्या जात नाहीत. दाखवल्या पाहिजेत, तेही ज्यांच्या त्या आहेत त्यांना विचारून आणि त्यांच्या सोबतीने.

या पुस्तकात क्रॉयरच्या सावलीत आना आंकरवर एक प्रकरण आहे. वाचकांनी ते वगळू नये. स्कागेनच्या त्या सगळ्या मंडळींत गावात जन्मलेली ती एकटीच. १८५९ चा तिचा जन्म, ब्रॉन्डुमच्या घरातला. मुलींना तेव्हा अकादमीत प्रवेश नव्हता, म्हणून ती कोपनहेगनला विल्हेल्म क्यून यांच्या खासगी शाळेत शिकली. बाकीचे समुद्राकडे धावत असताना तिने घरातल्या खिडकीतून भिंतीवर पडलेले ऊन रंगवले. तिच्या १८९१ च्या ‘निळ्या खोलीतील ऊन’ या चित्रात एक मुलगी पाठमोरी बसून काही विणते आहे आणि भिंतीवर खिडकीचा उजेड आहे, बस्स. मला क्रॉयरपेक्षा हे चित्र अधिक जवळचे वाटते. त्याने स्कागेनचे ऊन पाहिले, ती त्या उन्हात वाढली होती. चित्रकारांचा मुक्काम त्या गावाला फळला याची सगळ्यात मोठी खूण मी संग्रहालयाला मानत नाही, आनाला मानतो. ब्रॉन्डुमच्या घरी चित्रकार उतरले नसते तर त्या मुलीच्या हातात ब्रश कदाचित आलाच नसता.

म्हणून वऱ्हाडातल्या चित्रकारांना आणि कलाशिक्षकांना माझे हात जोडून सांगणे आहे. हे पुस्तक वाचून झाल्यावर चिखलदऱ्याला जा, पण दोन दिवसांसाठी जाऊ नका. कार्तिकात आठ-पंधरा दिवस राहा, पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जा, आणि एकदा तरी वैशाखात जा. अमरावती-अकोल्याच्या व्यापाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी ही चित्रे विकत घ्यावीत, दवाखान्यात आणि पेढीवर लावावीत. आणि परतताना त्या डोंगरातल्या एखाद्या आश्रमशाळेत थांबा, केलेली चित्रे आधी तिथल्या मुलांना दाखवा, आणि रंगांची एक पेटी व कागदांचा एक गठ्ठा तिथे ठेवून या.